फुन्मिलायो रॅन्सम-कुटी बाजारातल्या बायांना कशी सांगावी?

पारोळेकरीण

पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या आठवडे बाजारांत बसणाऱ्या बायांचा आमचा एक गट आहे. कागदोपत्री काही नाही, कोणाच्या तरी ओट्यावर जमायचं एवढंच. भाजी, लसूण, मिरची, बांगड्या, सुके बोंबील, जिला जे जमेल ते ती विकते. गट जमला तो पावतीवरून. ठेकेदाराचा माणूस येतो आणि टोपलीवाली असो की टेम्पोवाला, सारखीच पावती फाडतो. कधी पावती न देताच पैसे नेतो. मुतारी नाही, प्यायला पाणी नाही, पाऊस आला तर ताडपत्री ज्याची त्यानं आणायची. आमच्यातल्या एकीनं त्याला तोंडावर विचारलं होतं, "पावती कसानी? टोपली बी आमनी, ऊन बी आमनंच!"

जानेवारीत सावित्रीबाईंच्या जयंतीला आम्ही छोटा कार्यक्रम घेतो. यंदा जोडीला बाहेरच्या देशातल्या एका बाईबद्दल सांगायचं ठरलं आणि नायजेरियाच्या फुन्मिलायो रॅन्सम-कुटी माझ्या वाट्याला आल्या. मी वाचून टिपण काढलं. जन्म १९००, अबेओकुटा गावी. शिक्षण इंग्लंडमध्ये. नायजेरियात मोटार चालवणारी पहिली बाई, असं म्हणतात. गायक फेला कुटीची आई. १९४७ चं करविरोधी आंदोलन. १९७० चं लेनिन शांतता पारितोषिक. दोघीतिघींना वाचून दाखवलं. लसूणवाल्या आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिनी गाडी चालाडी, मंग आमले काय?"

त्यांचं बरोबरच आहे. म्हणून विचारते. तो कर नेमका काय होता? भांडण राजाशी होतं की इंग्रजांशी? बायका जिंकल्या का? आणि त्यांचा शेवट फार वाईट झाला म्हणतात, तो सांगावा की नाही? इथे आफ्रिकेत राहून आलेलं कोणी असेल तर बरं होईल.

बोरीकाठचा मास्तर

ताई, लसूणवाल्या आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी तुमच्या टिपणाला लाल शाई लावली ती योग्य जागी लावली. मोटार काढा, फेला काढा, पारितोषिक तर आधी काढा. सुरुवात करापासून करा.

मी १९७९ ते ८३ अबेओकुटात गणित शिकवायला होतो. १९७९ ला तिथे जे राज्य सरकार आलं त्यानं माध्यमिक शिक्षण फुकट केलं. वर्ग भरून वाहू लागले, मास्तर पुरेनात, म्हणून आमच्यासारखे कितीतरी भारतीय तिकडे गेले. अमळनेरहून कोणी आफ्रिकेत जातो म्हटल्यावर आमच्या आईनं सोबत दिलेलं कळण्याचं पीठ मुंबईपर्यंतसुद्धा टिकलं नाही, पण ते असो. मी पोचलो तेव्हा बाई वारून वर्ष झालं होतं, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलं नाही. मात्र त्यांना पाहिलेल्या, त्यांच्या मागून चाललेल्या बायका त्या गावात जागोजाग बसलेल्या होत्या. ओलुमो नावाच्या प्रचंड खडकाभोवती वसलेलं गाव, गंजून लाल झालेले पत्रे, इटोकूच्या बाजारात निळीनं रंगवलेल्या आदिरे कापडाच्या थप्प्या, आणि प्रत्येक थप्पीमागे बाई. दुकानात पुरुष दिसला तर तो बहुधा हमाल. तिथला व्यापार बायकांच्या हातात असतो, पैसा वेगळा, हिशेब वेगळा, नवऱ्याला उसने दिले तर ते परत मागणार. हे आधी सांगा, नाहीतर कराची गोष्ट आपल्याकडे कळणारच नाही. घरात बसलेल्या बायका रस्त्यावर आल्या असं ते नव्हतंच. त्या रोजच रस्त्यावर होत्या.

आता कर. १९१८ मध्ये इंग्रजांनी अबेओकुटात थेट कर आणला, तेव्हाच एग्बा लोकांनी उठाव केला होता. अडुबी युद्ध म्हणतात त्याला. उठाव मोडला, कर राहिला. आणि तो बायकांवरही, नवऱ्यापासून वेगळा. मुलगा सोळाव्या वर्षी करात यायचा, मुलगी पंधराव्या. मग वसुलीवाले घरात शिरून पोरींची वयं ठरवायचे. कशी, तर कपडे उतरवून. हे सभेत सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगेन, कारण करापेक्षा याचा संताप मोठा होता. भरीला, ज्या कौन्सिलमध्ये कर ठरायचा तिथे बायकांची एकही खुर्ची नाही.

राजा की इंग्रज, याचं उत्तर दोन्ही. अबेओकुटाच्या राजाला अलाके म्हणतात. त्या वेळचा अलाके दुसरा अडेमोला. पूर्वी राजाला सरदारांचं, पंचांचं ऐकावं लागे, बायकांची स्वतःची मानाची प्रमुख असे, इयालोडे म्हणून. इंग्रजांना एवढ्या लोकांशी बोलायला वेळ कुठला? त्यांनी सगळा कारभार एका राजाच्या नावावर केला आणि त्याला 'सोल नेटिव्ह ऑथॉरिटी' हे नाव दिलं. वसुली राजाची, मागे साहेब. शिव्या राजाला पडतात, पैसा वर जातो. तुमच्या ठेकेदाराचं आणि त्याला ठेका देणाऱ्यांचं जे नातं तेच, हे सांगितलंत तर आजींना पुढचं समजावून सांगावं लागणार नाही.

त्यात दुसरं महायुद्ध. तांदळावर सरकारचा डोळा. खेड्यातून तांदूळ घेऊन येणाऱ्या बायांना पोलीस वाटेत अडवत, माल ओढून घेत, नाहीतर बाजारापेक्षा कमी भाव हातावर टेकवत. आमच्या घराच्या कोपऱ्यावर एक म्हातारी 'कोंगो'नं तांदूळ विकायची. कोंगो म्हणजे आपलं मापटं, पत्र्याचं. ती तेव्हा तरुण होती आणि तिच्या आईचं पोतं असं गेलं होतं. मला हे सांगताना ती मापटं गच्च भरायची आणि वर अजून मूठभर टाकायची, जणू तो पोलीस मीच होतो आणि तिला दाखवून द्यायचं होतं की तोटा तिला झाला नाही.

आता बाई. लोक त्यांना 'बेरे' म्हणत. अबेओकुटा ग्रामर स्कूलमध्ये १९१४ साली ज्या पहिल्या मुली आल्या त्यांतली ही एक. १९१९ ला इंग्लंडला गेली, १९२२ ला परत आली. जाताना फ्रान्सिस अ‍ॅबिगेल होती, येताना ती नावं टाकून नुसती फुन्मिलायो. १९२५ मध्ये लग्न. नवरा इस्रायल रॅन्सम-कुटी, हेडमास्तर आणि पाद्री, पुढे देशभरच्या शिक्षक संघटनेचा पहिला अध्यक्ष. १९३२ मध्ये बाईंनी अबेओकुटा लेडीज क्लब काढला. नावावरूनच कळतं कसला असेल. शिकलेल्या ख्रिस्ती घरांतल्या बायका, शिवणकाम, रीतभात. असे क्लब आपल्याही तालुक्याच्या गावी होते आणि आहेत, मी नावं घेत नाही.

क्लबचं वळण बदललं १९४४ च्या सुमाराला. बाजारातल्या एका बाईला वाचायला शिकायचं होतं. मग बाजारवाल्यांचे साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. आता बघा, ज्या बाईला अक्षर शिकवायला बसलात ती तासभर अक्षरच काढत बसेल का? ती मध्येच सांगणार की काल माझा तांदूळ नेला. बेरेंनी ते ऐकलं. अधिकाऱ्याकडे गेल्या, दाद लागली नाही, मग १९४५ मध्ये वर्तमानपत्रात छापून आणलं आणि थोड्याच दिवसांत जप्ती थांबली. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना हीच, मोर्चे नंतरचे. शिकवायला गेलेली बाई विद्यार्थिनींचं ऐकायला लागली. आम्ही मास्तर लोक हे क्वचित करतो.

१९४६ मध्ये क्लबचं नाव बदलून अबेओकुटा विमेन्स युनियन झालं, कोणतीही बाई येऊ शकेल असं. २०,००० सभासद असल्याचं त्या सांगत. बेरेंनी इंग्रजी झगे सोडले आणि बाजारातल्या बाया नेसत तसंच नेसू लागल्या. भाषण योरुबात. गोऱ्या अधिकाऱ्यासमोरही योरुबात, त्याला कळत नसेल तर दुभाषा त्यानं आणावा. इंग्लंडात शिकलेली बाई हे करत होती, इंग्रजी येत नव्हतं म्हणून नव्हे.

१९४७ हे वर्ष जरा सावकाश सांगा. मोर्चाची परवानगी मागितली, मिळाली नाही. तर परवानगी कशाला हवी, आम्ही सहलीला निघालोय! जत्रा आहे! आणि जत्रेला हजारो बायका. पोलीस अश्रुधूर सोडणार हे ठाऊक होतं, म्हणून आधीच अंगणात तालीम. नाक-तोंड-डोळे कपड्यानं कसे झाकायचे ते शिकवलेलं. नोव्हेंबरच्या अखेरीस अके भागातल्या राजवाड्यासमोर १०,०००च्या वर बायका बसल्या, रात्र तिथेच काढली. डिसेंबरात पुन्हा. बाजार बंद म्हणजे गावाची चूल बंद, हे लक्षात घ्या.

आणि गाणी! राजाच्या नावानं रचलेली. तांदूळवाल्या म्हातारीनं मला एक म्हणून दाखवलं. आमच्या शाळेतल्या योरुबाच्या मास्तरणीला अर्थ विचारला तर ती हसत सुटली आणि शेवटी म्हणाली, "मिस्टर, तुम्ही गणितच शिकवा." पुढे अर्थ कळला. अखाजीला आपल्याकडे गौराईच्या वेळी नदीच्या या काठच्या पोरी त्या काठच्यांना ज्या मोकळेपणानं शिव्या घालतात, तेवढा मोकळेपणा. राजा आमचा नवरा म्हणवतो ना, मग बघतोच त्याचं पुरुषपण, अशा चालीचं. तुमच्या गटातल्या बायांना हे सांगा. बाकीचं त्या स्वतः जुळवतील.

गोऱ्या डिस्ट्रिक्ट ऑफिसरचा किस्साही सांगतात. तो बेरेंना ओरडून म्हणाला, तुमच्या बायकांना गप्प करा. बाई म्हणाल्या, तू जन्माला आलास खरा, पण तुला वळण कोणी लावलं नाही. स्वतःच्या आईशी असं बोलशील का?

निकाल: १९४८ मध्ये बायकांवरचा कर उठला. अलाकेला गाव सोडावं लागलं आणि ३ जानेवारी १९४९ ला त्यानं गादी सोडली. होय, ३ जानेवारी. तुमचा कार्यक्रम त्याच तारखेला. योगायोग आहे, एका वाक्यात सांगा, त्यावर भाषण ठोकू नका.

बाकी मोटार, लंडन, मॉस्को हे कोणी विचारलं तरच.

सातपुड्याखालचा

मास्तर, लिहिलंय छान. पण एक बोचतं. इंग्लंड रिटर्न बाई, नवरा हेडमास्तर आणि पाद्री, घरात पियानो असणारच. तिनं झगा सोडला आणि बाजारातल्या बायांसारखं नेसली, म्हणून ते आंदोलन बाजारातल्या बायांचं झालं का? नाव कोणाचं राहिलं? दहा हजार बायांतल्या दहांची तरी नावं सांगा.

मी शहाद्याकडचा. आमच्याकडे १९७२ नंतर श्रमिक संघटना उभी राहिली, सालदारांच्या मजुरीवरून आणि गेलेल्या जमिनीवरून. बाहेरून शिकलेली पोरं आली होती, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण अंबरसिंग सुरतवंती इथलेच होते, भिल्ल होते, भजनं म्हणायचे, आणि लोक आधी त्यांच्यामागे गेले. दारूच्या भट्ट्या फोडायला बायका निघाल्या तेव्हा तर त्यांना कोणी सांगायला गेलं नव्हतं. नवरा दारू पिऊन मारतो हे काय कोणी शिबिरात शिकवायचं असतं? माझी आजी त्यात होती. तिचं नाव कुठल्या पुस्तकात नाही.

म्हणून पारोळ्याच्या ताईंना म्हणणं एवढंच की 'एक थोर बाई आली आणि तिनं सगळ्यांना जागं केलं' असं नका सांगू.

बोरीकाठचा मास्तर

भाऊ, शेवटच्या वाक्याशी मी शंभर टक्के सहमत. मधल्या वाक्यांशी पन्नास.

बायांच्या बाजारसंघटना बेरेंच्या आधीपासून होत्या. कापडवाल्यांची वेगळी, तांदूळवाल्यांची वेगळी, प्रत्येकीची प्रमुख, भाव ठरवणार, भांडणं मिटवणार, कोणी वारलं तर वर्गणी काढणार. एवढ्या बायका एका रात्रीत राजवाड्यापुढे बसतात त्या पत्रकं वाटून नव्हे. त्या बाजारातल्या रांगेनं बसतात. बेरेंनी काय आणलं? लिहिणं. अर्ज, निवेदनं, गाऱ्हाण्यांची यादी, लेगॉसच्या वर्तमानपत्रांशी संबंध. राजा आणि साहेब दोघेही कागदाच्या आड लपत होते, तर त्यांना कागदानं गाठणारं कोणीतरी लागत होतं. बाजारवालीकडे माणसं होती, बेरेंकडे टाक होता. दोन्हींपैकी एकानं भागलं असतं असं मला वाटत नाही. तुमच्याकडेही जमिनीचे सातबारे वाचून दाखवायला ती शिकलेली पोरं लागलीच की.

आणि ती एकटी शिकलेली होती असंही नाही. ग्रेस एनिओला सोयिंका नावाची बाई होती, तीही हेडमास्तराचीच बायको, दुसऱ्या एका शाळेच्या, पण स्वतः दुकान चालवणारी. दोन जगांमधली सांधेदुरुस्ती तिच्यासारख्यांनी केली. तिचा मुलगा वोले तेव्हा शाळकरी होता, बायकांच्या या घरून त्या घरी निरोप नेत हिंडायचा. पुढे त्याला साहित्याचं नोबेल मिळालं आणि लहानपणच्या आठवणींत त्यानं हे सगळं लिहिलं. म्हणून आपल्याला एवढं तरी कळतं. तुमच्या आजीला असा नातू मिळाला नाही असं तुम्ही म्हणाल, पण तुम्ही आहात ना? लिहा की.

नावाचं म्हणाल तर तुमचा मुद्दा खरा आहे. मला तांदूळवाल्या म्हातारीचंही नाव ठाऊक नाही. तिथे बाईला तिच्या मुलाच्या नावानं हाक मारतात, अमक्याची आई म्हणून, आणि मीही तीच मारली.

पियानोबद्दल: घरात बहुतेक असावा. मुलगा गायक झाला तो उगीच नाही.

दोंडाईच्याची मिरची

माझी आई मिरचीत बसायची. पथारीवर. बोटं कायम भगभगायची, म्हणून आम्हाला भाकरीचा घास हातानं भरवायची नाही, चमच्यानं. तेव्हा मला बोलायचा हक्क आहे असं समजते.

ताई, तुम्ही विचारलंत, शेवट सांगावा का. मी शोधून वाचलं. १८ फेब्रुवारी १९७७, लेगॉसमध्ये फेलाच्या घरावर हजारभर सैनिक चालून आले. त्यानं गाण्यांतून लष्कराची टर उडवली होती. आई तिथेच होती, वय ७६. वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकलं. त्या दुखण्यातून त्या उठल्या नाहीत, १३ एप्रिल १९७८ ला गेल्या. चौकशी झाली आणि निष्कर्ष काय, तर हे कोणी 'अज्ञात सैनिकानं' केलं. हजार सैनिक दिवसाढवळ्या आले आणि अज्ञात! त्या वेळचे लष्करी प्रमुख ओबासांजो, तेही अबेओकुटाचेच.

सभेत खिडकीवर थांबू नका एवढंच म्हणते. आमच्या बाया घरी जाताना काय घेऊन जातील? "बोलली ना, मंग फेकं खाले." घरचे पुरुष तर टपलेलेच असतात, बघ, पुढे पुढे करणाऱ्या बाईचं काय होतं. लपवूही नका. मध्येच सांगा, अश्रुधुराच्या आधी. पुढे काय होणार ते ऐकणाऱ्यांना ठाऊक असेल तर तीस वर्षांपूर्वीची तालीम वेगळी ऐकू येते. मग करावर या आणि कर उठला तिथे थांबा.

पारोळेकरीण

तिघांचेही आभार. मिरचीताई, शेवटाचं तुमचं पटलं. आधीच सांगून टाकते.

भाऊ, तुमच्या आजीचंही सांगेन, चालेल ना? नाव लागेल मला.

काल ओट्यावर मास्तरांचं लिखाण वाचून दाखवलं. पोरींचे कपडे उतरवण्यापाशी सगळ्या गप्प झाल्या, मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या, मला कोणाचंच नीट ऐकू आलं नाही. जत्रेचं तर फार आवडलं. बांगडीवाली म्हणते आपणही काढू, मरिमायच्या नावानं, पावतीवाल्याच्या दारावरून. गाणं रचायला दोघी बसल्यात. त्यातलं मला इथे लिहिता येणार नाही.

लसूणवाल्या आजींचा प्रश्न मात्र आला आणि मला उत्तर देता आलं नाही. "राजा गया, बठ्ठं खरं. मंग फिरी उना का नई?" मास्तर, आला का हो परत?

बोरीकाठचा मास्तर

आला. डिसेंबर १९५० मध्ये. दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. बेरेंचा विरोध होता, पण गावातल्या बऱ्याच पुरुषांना राजा हवा होता आणि साहेबालाही तोच सोयीचा. पुढे १९६२ पर्यंत, मरेपर्यंत, तो गादीवर होता.

पण आजींना पुढचं वाक्य लगेच सांगा, नाहीतर त्या "मी म्हनं व्हतं ना" म्हणतील. राजा आला तो जुन्या अधिकारांसकट नाही आला. एकट्याच्या नावावरचा कारभार मोडला होता आणि कौन्सिलमध्ये बायका बसू लागल्या होत्या, बेरे त्यांतल्या एक. गादी परत मिळते, पण आपल्या हजारो बायका बाहेर गाताहेत आणि आपण आत दार लावून बसलोय, ही रात्र त्यानं पाहिलेली होती.

बेरेंचं पुढचं सगळं जिंकण्याचं नाही, हेही आजींना चालेल, त्यांना गोडगोड नको असतं. १९४७ ला स्वातंत्र्य चळवळीतले पुढारी अझिकिवे यांच्या पक्षाच्या शिष्टमंडळातून लंडनला गेलेली ती एकटी बाई. तिथल्या डेली वर्कर पत्रात तिनं लिहिलं की इंग्रज येईपर्यंत आम्हाला बरोबरीचं स्थान होतं. गावात त्यावरून खळबळ. त्याच पक्षानं पुढे १९५९ ला उमेदवारी नाकारली, तर अपक्ष उभी राहिली आणि पडली. चीन-रशियाला जाते म्हणून पासपोर्ट अडवला, अमेरिकेनं व्हिसा नाकारला. उत्तर नायजेरियातल्या बायकांना मत हवं म्हणून दारोदार हिंडली. तो हक्क मिळाला १९७६ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र होऊन सोळा वर्षांनी. २०१२ मध्ये ५,००० नायराच्या नोटेवर तिचं चित्र घालायचं ठरलं, आणखी दोन बायांबरोबर. ती नोट निघालीच नाही. बरंच झालं, एवढ्या मोठ्या नोटेला बाजारात सुटे कोण देणार?

मुलांचं विचारलं तर: थोरला ओलिकोये बालरोगतज्ज्ञ, आरोग्यमंत्री झाला, बेको डॉक्टर आणि मानवी हक्कांसाठी तुरुंगात गेलेला, फेला तुम्हाला ठाऊकच. मुलगी डोलुपो थोरली, तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. आपल्या शहाद्याच्या भाऊंना हे सांगू नका, पुन्हा चिडतील.

आणि ताई, एक व्यवहाराचं. यंदा ३ जानेवारी कुठल्या वारी येते ते बघा. तुमच्याकडच्या एखाद्या गावचा बाजार त्या दिवशी असेल तर कार्यक्रम आदल्या संध्याकाळी ठेवा. धंदा सोडून बाया येणार नाहीत, आणि येऊही नये. पावत्यांचे जुने कागद ज्यांच्याकडे असतील त्यांना घेऊन यायला सांगा, दहा लिहिलेले आणि वीस घेतलेले वेगळे काढू. बेरीज मी करतो. तेवढंच येतं मला.